'दारानं खाल्लं' : घराघरांतल्या खासगी शब्दांविषयी

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावातल्या शाळेतला, तिसरीच्या वर्गातला प्रसंग आहे. बाईंनी एका मुलीला शेजारच्या वर्गातून खडूची पेटी आणायला पाठवले. मुलगी रिकाम्या हाताने परत आली आणि म्हणाली, "बाई, काय आणायचं ते दारानं खाल्लं." वर्ग हसला. बाईही हसल्या आणि वर म्हणाल्या, "दार काही खातं का? विसरले म्हणावं. असं मराठीत नसतं." मुलगी खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. त्यानंतर बरेच दिवस ती वर्गात आपणहून काही बोलली नाही. बाईंच्या ते लक्षातही आले नाही. पुढे पालकसभेला तिची आजी आली तेव्हा तिने विचारले, "बाई, माझी नात म्हणती घरातलं बोलणं शाळेत बोलायचं नसतं. मग तिनं बोलावं तरी काय?"

त्या बाई आमच्यापैकीच एक. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले आम्ही काही शिक्षक अधूनमधून एकत्र बसतो, वर्गात आलेल्या अडचणी एकमेकांपुढे मांडतो. बाईंनी हा प्रसंग स्वतःहून सांगितला आणि त्या दिवशीची आमची सगळी बैठक त्यातच गेली. कारण 'दारानं खाल्लं' हा शब्दप्रयोग आम्हाला कोणालाच माहीत नव्हता, आणि तरीही त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना एका क्षणात कळला होता. एखादी वस्तू आणायला उठावे, उंबरा ओलांडून दुसऱ्या खोलीत जावे आणि तिथे उभे राहून 'आपण इथे कशाला आलो?' असा प्रश्न पडावा, हा अनुभव कोणाला नाही? प्रमाण मराठीत त्याला 'विसरणे' म्हणतात. पण उसने दिलेले पैसे विसरणे, पाढा विसरणे आणि हे विसरणे एकच नव्हे. या नेमक्या विसरण्याला मराठीत शब्द नव्हता. तो त्या मुलीच्या घरात होता.

तो कसा आला तेही आजींनी सांगितले. नात चार वर्षांची असताना आजी सांडशी आणायला माजघरातून स्वयंपाकघरात गेल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. नातीने विचारले, "आजी, काय पाहिजे?" आजी म्हणाल्या, "काय की माय, त्या दारानं खाल्लं बघ." नातीला ते इतके आवडले की तिने आठवडाभर प्रत्येक दाराला 'तू काय काय खाल्लंस?' म्हणून विचारले. तेव्हापासून त्या घरात कोणी विसरत नाही. दार खाते.

अशा शब्दांना आम्ही आमच्यापुरते 'घरबोली' असे नाव दिले आहे. प्रत्येक घरात, जुन्या मित्रांच्या टोळक्यात, वसतिगृहाच्या एकेका खोलीत अशी एक बोली असते. तिचे व्याकरण वेगळे नसते. दहा-वीस किंवा फार तर पन्नास शब्द आणि वाक्प्रचार एवढाच तिचा पसारा. ते बहुतेक नेहमीच्या वागण्याच्या लकबींना दिलेले असतात आणि उंबऱ्याबाहेर कोणाला कळत नाहीत.

बैठकीत एकाने सुरुवात केली आणि मग थांबेचना. आमच्यातल्या एका गणिताच्या शिक्षकांच्या घरी 'झेनोची भाकर' असते. दुरडीत शेवटची भाकर उरली की ती पूर्ण घ्यायला कोणी धजत नाही. एकजण अर्धी मोडून घेतो, दुसरा उरलेल्यातली अर्धी, तिसरा त्यातली अर्धी. शेवटी दुरडीत नखाएवढा तुकडा राहतो आणि तो मात्र कोणाचाच नसतो. अर्ध्याचे अर्धे करत गेले तर शेवट कधी यायचा, हा पेच इ. स. पूर्व पाचव्या शतकात झेनो नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने घातला होता, तो या सरांनी घरी जेवताना सांगितला होता. त्यांच्या आईला झेनो ठाऊक नाही. तो गावातला कोणी चिकट माणूस असावा अशी तिची समजूत आहे, आणि त्यामुळे वाक्प्रचाराचे काहीही बिघडत नाही.

दुसऱ्या एका घरी 'तिसरा निरोप' आहे. पाहुणे 'निघतो आता' म्हणून उठतात तो पहिला निरोप. चपला घालताना नवा विषय निघतो, तो संपला की दुसरा. फाटकाशी गाडीला किल्ली लावून पुन्हा अर्धा तास बोलणे होते आणि मग तिसरा निरोप, तोच खरा. त्या घरची मुले खिडकीतून बघून आईला सांगतात, "अजून दुसऱ्यावरच हायेत." वाचक म्हणतील, यासाठी 'रेंगाळणे' आहे, 'घुटमळणे' आहे. आहेत खरे. पण रेंगाळणारा एकटा असू शकतो आणि घुटमळणाऱ्याच्या मनात काही संकोच असतो. पाहुणा आणि यजमान दोघेही मिळून निरोप लांबवतात, दोघांनाही जेवायला उशीर होतो आणि दोघांनाही ते हवे असते, हे त्या दोन्ही शब्दांत येत नाही.

तिसरा शब्द एका मुलीच्या बोबड्या चुकीतून आला. हिंदीत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. घरात मराठी आणि गल्लीत दखनी ऐकून वाढलेल्या त्या मुलीने दोन्हींची गाठ मारून 'उद्याकाल' असा शब्द केला. "उद्याकाल करते," म्हणजे करीन, केव्हा ते विचारू नका. मुलगी आता नोकरी करते. वडील मात्र पंप दुरुस्त करायचे राहिले की अजून 'उद्याकाल बघू' म्हणतात.

हे शब्द तयार कसे होतात, हा प्रश्न विज्ञानाचा आहे आणि त्यावर एक फार साधा, वर्गात करता येण्याजोगा प्रयोग झालेला आहे. टॅनग्रॅम हे सात तुकड्यांचे चिनी कोडे आपल्या गणिताच्या पेटीत असते. त्याचे तुकडे जुळवून माणसासारख्या, पक्ष्यासारख्या पण नेमके काय ते सांगता न येणाऱ्या आकृत्या करता येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्स यांनी अशा बारा आकृत्या घेतल्या. दोन माणसांना मध्ये पडदा ठेवून बसवले. दोघांकडे त्याच बारा आकृत्या. एकाने आपल्याकडचा क्रम शब्दांनी सांगायचा आणि दुसऱ्याने तसा लावायचा. असे एकाच जोडीने सहा वेळा करायचे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात आकडे आहेत. पहिल्या फेरीत एका आकृतीसाठी सांगणाऱ्याला सरासरी सुमारे ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत सुमारे ८.

आम्ही हा प्रयोग लातूरमधल्या एका शाळेत सातवीच्या मुलांवर करून पाहिला. पडदा म्हणून मध्ये दप्तरे रचली. मोजमाप काटेकोर नव्हते, म्हणून आकडे देत नाही. पण ऐकायला मिळाले ते सांगण्यासारखे आहे. एक मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "एक माणूस हाय, त्याचं डोकं चौकोनी हाय पण वाकडं, आन् त्यो एक पाय पुढं टाकून कुठंतरी निघालाय, पाठीवर कायतरी तिरकं हाय." समोरच्याने विचारले, "वासुदेवावाणी?" "हां, वासुदेव." तिसऱ्या फेरीत तो 'टोपीवाला वासुदेव' होता, शेवटी नुसता 'वासू'. शेजारच्या जोडीत तीच आकृती 'दप्तरवाली' झाली होती. मग आम्ही जोड्या बदलल्या. पहिला मुलगा नव्या जोडीदाराला म्हणाला, "वासू." समोरून उत्तर आले, "कोण वासू?" आणि त्याला पुन्हा चौकोनी डोक्यापासून सुरुवात करावी लागली.

या छोट्या खेळात घरबोलीचे बहुतेक सगळे मर्म आले आहे. शब्द एकट्याने केलेला नसतो. एकजण सुचवतो, दुसरा होकार देतो, आणि त्या होकाराने दोघांत एक करार होतो. क्लार्क आणि त्यांच्या सहकारी सूझन ब्रेनन यांनी १९९६ च्या लेखात त्याला करारच म्हटले आहे. करार असल्यामुळे तो त्या दोघांपुरताच चालतो. वासुदेव हेच नाव सर्वांत योग्य होते असे मुळीच नाही. ते पहिल्यांदा जुळले, एवढेच. वारंवार लागणारा शब्द झिजून आखूड होतो, हा जॉर्ज झिफ या अभ्यासकाने १९३० च्या दशकात दाखवलेला नियमही येथे दिसतो. भाषेत हे शतकांत घडते, सातवीच्या वर्गात एका तासिकेत घडले.

मात्र वेळ वाचवणे हे घरबोलीचे मुख्य काम आहे असे आम्हाला वाटत नाही. तसे असते तर सर्वांत जास्त घरगुती शब्द मीठ, पाणी, किल्ली या वस्तूंना असते. ते असतात माणसांच्या खोडींना. रॉबर्ट हॉपर, मार्क नॅप आणि लॉरेल स्कॉट यांनी १९८१ साली अमेरिकेत जोडप्यांच्या खासगी शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या वर्गवारीत लाडाची नावे आणि प्रेमाचे शब्द होतेच, पण दुसऱ्याला चिडवायचे शब्द, तिऱ्हाइतांना दिलेली नावे, रोजच्या विनंत्या आणि नाराजी दाखवायच्या खुणा यांचेही वेगळे गट होते. म्हणजे जे सरळ बोलले तर भांडण होईल ते आडून बोलायची ही सोय. 'तुम्ही लोकांना दारात उभे करून बोलत बसता' असे नवऱ्याला म्हटले तर तो चिडेल. 'कितवा निरोप?' म्हटले तर हसेल आणि घरात येईल.

कष्ट हलके करायलाही असे शब्द उपयोगी पडतात, आणि त्याचे मोठे उदाहरण शोधायला आम्हाला नांदेडच्या बाहेर जावे लागले नाही. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेड येथे निवर्तले. त्या स्थानी आज तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब आहे आणि तेथे निहंगांचा, म्हणजे निळ्या वेषातील शीख योद्धा परंपरेतील लोकांचा, नेहमी राबता असतो. निहंगांची स्वतःची एक शब्दावली आहे. तिला 'गडगज्ज बोले' किंवा 'खालसाई बोले' म्हणतात. अठराव्या शतकात पंजाबात मोगल सुभेदारांनी आणि पुढे अब्दालीने पाठलाग चालवला तेव्हा शिखांची छोटी पथके रानावनात राहत असत. अन्नाची ददात, माणसे थोडी, अंगावर जखमा. त्या दिवसांशी ही बोली जोडली जाते. स्वयंपाकघरात शिजवायला काही उरले नाही की म्हणायचे, 'लंगर मस्ताना' आहे, म्हणजे लंगर आपल्याच मस्तीत आहे. फुटाण्यांना म्हणायचे बदाम. कांद्याला रुपे, म्हणजे चांदी. दृष्टी गेलेला तो 'सूरमा', शूर. लंगडणारा तो 'सुचाला', चांगल्या चालीचा. ऐकू न येणारा 'चौबाऱ्यावर चढलेला', माडीवर गेला आहे म्हणून खालची हाक पोचत नाही. एकटा शीख आला की 'सवा लाख' आले. कोणी वारला तर त्याने 'चढाई' केली. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या भाई काहनसिंग नाभा यांच्या 'महान कोशा'त असे कितीतरी शब्द नोंदलेले आहेत.

यात नुसता विनोद नाही. 'आज उपास पडला' आणि 'आज लंगर मस्ताना आहे' या दोन वाक्यांनी पोट सारखेच रिकामे राहते, पण दुसरे वाक्य बोलणारा दीन वाटत नाही. नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, हे विज्ञानाचे शिक्षक म्हणून आम्ही रोज सांगतो. पण तिच्याकडे बघणाऱ्या माणसाची बसण्याची ढब बदलते, हेही खरे आहे.

घरबोलीची आणि सांकेतिक भाषेची येथे गल्लत होऊ नये. मुले 'च'ची भाषा बोलतात, 'पाणी'चे 'चणीपा' करतात. जुन्या बाजारपेठांत व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, तिच्यात पाचाला मुळू आणि सहाला शेली म्हणत, म्हणजे गिऱ्हाइकाला भाव कळू नये. या भाषा लपवण्यासाठीच केलेल्या असतात आणि नियम किंवा यादी हाती आली की कोणालाही उलगडतात. घरबोली लपवायची म्हणून केलेली नसते, पण तिची किल्ली एखाद्या घटनेत असते. ती घटना ज्याला ठाऊक नाही त्याला शब्द कळला तरी चव कळत नाही.

घटना विसरली जाते आणि शब्द राहतो, असेही पुष्कळदा होते. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी कोणी स्वयंपाकघरात येऊन एकेका भांड्यावरचे झाकण उचलून बघू लागला, काही न बोलता पुन्हा ठेवू लागला, की म्हणतात, "मोहतमीम आले." मुलांना हा शब्द म्हणजे काहीतरी मुंगसासारखा प्राणी वाटायचा. मोहतमीम म्हणजे व्यवस्था पाहणारा. निजामाच्या राज्यात शिक्षण, करोडगिरी अशा खात्यांतल्या वरच्या अधिकाऱ्याला हे नाव असे. त्यांचे आजोबा त्या काळात शाळेवर होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातली निजामाची सत्ता संपली, पुढे हुद्देही गेले. एका स्वयंपाकघरात मात्र मोहतमीम अजून झाकणे उचलतात. इतिहासाच्या शिक्षकांनी असा एखादा शब्द धरून वर्गात मागे मागे जायला हरकत नाही.

लातूरकडचा असाच एक शब्द वयाने अगदी लहान आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तेव्हापासून आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी नळ सोडून गप्पा मारणाऱ्याला किंवा अंघोळीला फार वेळ लावणाऱ्याला बाहेरून हाक मारतात, "मिरज!" एवढेच. घरातली धाकटी मुलगी २०१८ सालची. तिने ती गाडी पाहिलेली नाही. भूगोलाच्या पुस्तकात मिरज हे गाव आहे हे कळल्यावर तिला आश्चर्य वाटले, कारण तिच्या लेखी मिरज म्हणजे 'नळ बंद कर'.

फार थोडे घरगुती शब्द उंबरा ओलांडतात. गल्लीत जातात, गावात जातात, आणि एखादा सगळ्या मराठीचा होतो. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९४० च्या दशकात 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' तयार केला. तो चाळताना सारखे वाटत राहते की हे सगळे एके काळी कोणाच्या तरी घरातले असणार. ताकाला जाऊन भांडे लपवणारी बाई कोणत्या गावची होती ते आता कळायचे नाही, पण तशी बाई आणि तिला ओळखणारी एक टवाळ शेजारीण असल्याखेरीज हा वाक्प्रचार सुचला असेल असे आम्हाला वाटत नाही.

उलट बाजूला, शब्द बोलणारी माणसेच उरत नाहीत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी आणि भोवतालची गावे पडली, नऊ हजारांहून अधिक माणसे गेली. आमच्यातल्या एक शिक्षिका त्या भागातल्या आहेत. घरातल्या सात जणांपैकी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ वाचले. आम्ही शब्द गोळा करत होतो तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी एक शब्द होता. आई रागावली पण हसू दाबतेय, अशा वेळचा. आता तो दोघांनाच येतो. भाऊ फोनवर कधी म्हणतो." शब्द कोणता ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. भाषा मरते म्हणजे काय, हे आम्ही पाठ्यपुस्तकातून शिकवत आलो होतो. ती दोन माणसांवर कशी उभी असते हे त्या दिवशी समोर दिसले.

आता पुन्हा वर्गात येऊ. मूल अनोळखी शब्द बोलले की शिक्षकाच्या हातात लाल शाई असते, आणि तीन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच लाल रेघ मारतो. एखादा शब्द बोलीतला असतो. आमच्याकडे भाजीपाल्याला माळवं म्हणतात, भाकरीबरोबर खायच्या कालवणाला कोरड्यास म्हणतात. हे शब्द लाखो माणसे वापरतात, ते चूक असण्याचा प्रश्नच येत नाही. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूची, उदगीर-निलंग्याकडे कन्नडची सावली बोलण्यावर असते, तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, तिथे तर शिक्षकाने अधिकच जपायला हवे. दुसरी गोष्ट म्हणजे खरोखरची चूक. मुलाला प्रमाण शब्द माहीत नाही किंवा उच्चार जमत नाही. तो शिकवावा, तेच आपले काम. तिसरा प्रकार घरबोलीचा. ओळखायची युक्ती सोपी आहे. मुलाला विचारावे, "हे शेजारच्यांना कळतं का? मामाच्या गावी कळतं का?" दोन्हींना 'हो' आले तर बोली, आणि 'फक्त आम्हालाच' असे उत्तर चमकत्या डोळ्यांनी आले तर घरबोली. घरबोलीचा शब्द करणाऱ्या मुलाने भाषेत मोडतोड केलेली नसते. मोठ्यांच्या शब्दकोशात जिथे भोक आहे तिथे ठिगळ लावलेले असते.

आणि कधी कधी त्या ठिगळाखाली चांगला प्रश्न असतो. 'दारानं खाल्लं' हेच घ्या. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचे गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून नेमका हाच प्रश्न तपासला. माणसांना एका टेबलावरची वस्तू उचलून दुसऱ्या टेबलाकडे न्यायला सांगितले, आधी संगणकावरच्या चित्रमय खोल्यांत आणि नंतर खऱ्याखुऱ्या खोल्यांत. अंतर सारखेच, पण काही वेळा मध्ये दार. मग हातात काय आहे ते विचारले. दार ओलांडलेल्यांच्या चुका जास्त निघाल्या. त्यांचे स्पष्टीकरण असे की मन अनुभवाचे प्रसंगांत तुकडे पाडते. नवी खोली म्हणजे नवा प्रसंग, आणि जुन्या प्रसंगातली गोष्ट मागे पडते. पुढे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२१ साली पुन्हा प्रयोग केले तेव्हा नुसत्या दाराने फारसे काही घडलेले दिसले नाही. डोक्यात आणखी एखादे काम चालू असताना, जसे की उलटे आकडे मोजताना, परिणाम दिसला. म्हणजे दार खाते की नाही याचा निकाल अजून पुरता लागलेला नाही. गुंतलेल्या डोक्याचे मात्र खात असावे. आजींच्या हातात त्या दिवशी चुलीवरचे दूध होते, हे येथे सांगायला हवे.

बाईंनी मग काय केले? त्यांनी त्या मुलीला फळ्याशी बोलावून तिच्याकडून तो शब्द लिहून घेतला आणि वर्गाला म्हणाल्या, "मागं मी म्हणाले होते असं मराठीत नसतं. माझं चुकलं. हिच्या घरच्या मराठीत असतं. आता बघू, दार खरंच खातं का." दहा वस्तूंची नावे सांगून अर्ध्या मुलांना वर्गातच एक फेरी मारायला लावली, अर्ध्यांना दारातून बाहेर जाऊन परत यायला. मग कोणाला किती आठवतात ते मोजले. निकाल गडबडीचा निघाला. बाहेर जाणाऱ्या मुलांना व्हरांड्यात कुत्र्याचे पिल्लू दिसले आणि त्यांनी निम्मी नावे विसरली. ती मुलगी म्हणाली, "बाई, दारानं नाही, पिल्लानं खाल्लं." प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते, हा धडा शिकवायला बाईंना त्यापेक्षा चांगले वाक्य मिळाले नसते.

वाचक शिक्षकांना आपल्या वर्गात हे करून पाहायचे असेल तर टॅनग्रॅमचा प्रयोग आधी करावा, साहित्य फक्त पुठ्ठा आणि कात्री. सहा आकृत्या पुरतात, बारा लावायला एक तासिका कमी पडते. फेरीगणिक शब्द मोजायचे काम तिसऱ्या मुलाला द्यावे, आमचे तेच राहून गेले. त्यानंतर घरचे शब्द आणायला सांगावे. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : तो कोणत्या वागण्याला म्हणतात, पहिल्यांदा कोण म्हणाले, आणि आता तो किती माणसांना कळतो. घरी विचारल्याशिवाय आणू नये हेही सांगावे. काही शब्द एखाद्या माणसाला दुखावणारे असतात, काही फार जवळचे असतात, आणि 'आमच्या घरी आहे पण सांगायचा नाही' हेही उत्तर वहीत तसेच लिहून घ्यावे. आमच्या वहीत अशा तीन नोंदी आहेत.